खरं सांग, मारणार नाही!

गावित बहिणींच्या खटल्याचा विषय निघाला की कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच: "मग त्या रेणुकाचा नवरा कसा काय सुटला?" लहान मुलांना पळवून नेणं आणि त्यांतल्या काहींचा जीव घेणं, या गुन्ह्यांसाठी कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली रेणुका आणि सीमा या दोघी बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. पुढे दयेच्या अर्जावर झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. नवरा मात्र या सगळ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि नंतर घरी गेला. तो माफीचा साक्षीदार झाला होता.

'माफी' या शब्दाने निम्मा घोळ होतो. वाचणाऱ्याला वाटतं, सरकारला दया आली, नाहीतर त्या माणसाला पश्चात्ताप झाला. कायद्यात पश्चात्तापाचं नावही नाही. तिथे हेतू सरळ लिहून ठेवलाय: अशा माणसाची साक्ष मिळावी म्हणून. हा व्यवहार आहे. त्याने माहिती द्यायची, बदल्यात अभय घ्यायचं. आणि व्यवहार म्हटला की कुणी काय दिलं, काय घेतलं आणि शब्द मोडला तर काय, हे तपासावंच लागतं.

त्यात आणखी एक गंमत आहे. स्वतःला अडकवणारी साक्ष देणाऱ्याला आपल्याकडे मिळणारी मुख्य अभयं दोन आहेत. एकाचं नाव शाळकरी मुलालाही माहीत असतं. दुसऱ्याला धड नावच नाही, नुसता कलमाचा आकडा आहे. पण आयुष्यात एखाद्या वेळी समन्स येऊन कोर्टाची पायरी चढावी लागलेल्या साध्या माणसाला तेच जास्त उपयोगी पडतं. म्हणून आधी त्या निनावी अभयाकडे जाऊ. त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

गप्प बसण्याचा हक्क आला कुठून?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'स्टार चेंबर' नावाचं न्यायालय होतं. तिथली पद्धत अशी, की आरोप काय आहे ते सांगण्याआधीच माणसाला शपथ घ्यायला लावायची: विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देईन. मग प्रश्न सुरू. खरं बोललं तर स्वतःच्याच तोंडाने शिक्षा ओढवून घ्यायची, खोटं बोललं तर शपथ मोडल्याचा गुन्हा, आणि गप्प बसलं तर न्यायालयाचा अवमान. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायलाही जागा नाही. १६३७ मध्ये पकडलेल्या जॉन लिलबर्न नावाच्या तरुणाने ही शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यापायी भर रस्त्यात चाबकाचे फटके खाल्ले. १६४१ मध्ये संसदेने ते न्यायालयच बंद करून टाकलं.

त्या अनुभवातून रुजलेलं तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये एका वाक्यात आलंय: कोणत्याही गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. वाक्य छोटं असलं तरी त्यातल्या शब्दाशब्दावर खटले झालेत. 'साक्षीदार होणं' म्हणजे काय? बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं त्यात येतं का? १९६१ मध्ये काथी कालू ओघड प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, नाही येत. ठसा हा तुमच्या शरीराचा भाग आहे, तुमच्या मनातली माहिती नव्हे. आणि नार्को चाचणी? २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संमतीशिवाय ती करता येणार नाही, कारण तिथे औषध टोचून माणसाच्या मनातलंच काढून घेतलं जातं.

पोलीस ठाण्यातसुद्धा काही प्रमाणात हे संरक्षण आहे. पोलीस तपासात विचारतात तेव्हा खरी उत्तरं द्यायला तुम्ही बांधील असता, पण ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा येऊ शकेल ते टाळण्याची मुभा कायद्यातच दिलेली आहे. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या १९७८ च्या प्रकरणात न्यायालयाने हा हक्क तपासाच्या टप्प्यालाही लागू असल्याचं ठासून सांगितलं.

साक्षीदाराला मात्र तोंड उघडावंच लागतं

आता घटनेतलं ते वाक्य पुन्हा वाचा. 'आरोप असलेल्या व्यक्तीवर.' म्हणजे आरोपीवर. पण कोर्टात साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचं काय? त्याच्यावर तर कसलाच आरोप नाही.

इथे अमेरिकी सिनेमे पाहून झालेला एक गैरसमज दूर करायला हवा. तिकडे साक्षीदार ऐटीत सांगतो, "पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन मी उत्तर देत नाही," आणि न्यायाधीश पुढे सरकतात. भारतीय कोर्टात साक्षीदाराला हे चालत नाही. विचारलेली गोष्ट खटल्याशी संबंधित असेल, तर "उत्तर दिलं तर मी स्वतःच अडकेन" ही सबब म्हणून पुढे करताच येत नाही. इंग्रजांनी १८७२ साली केलेल्या पुरावा कायद्याचं कलम १३२ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३७ तेच सांगतं.

अर्ध्यावर थांबलं तर हे फार जुलमी वाटेल. पण त्याच कलमाला एक परंतुक जोडलेलं आहे. परंतुक म्हणजे नियमाला लावलेली अपवादाची शेपटी. त्याचा अर्थ असा: ज्या उत्तराची साक्षीदारावर सक्ती झाली, त्या उत्तरावरून त्याला अटक करता येणार नाही, त्याच्यावर खटला भरता येणार नाही आणि कोणत्याही फौजदारी खटल्यात ते उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. फक्त एक सोडून. ते उत्तर खोटं निघालं, तर खोट्या साक्षीबद्दल खटला होऊ शकतो.

घरोघरी आई असंच करते. काच कुणी फोडली ते कळायलाच हवं, म्हणून ती म्हणते, "खरं सांग, मारणार नाही." यात दोन गोष्टी एकदम आहेत. गप्प बसायची मुभा नाही आणि सांगितलंस तर त्याबद्दल मार नाही. शब्द देऊन पुन्हा पाठीत धपाटा घातला, तर त्या घरात पुढच्या वेळी कुणीही खरं बोलणार नाही. कायद्यालाही तीच भीती आहे. आणि धपाटा मिळणार नाही म्हणून दुसऱ्याच भावंडाचं नाव खोटं घेतलं, तर मात्र माफी नाही, हेसुद्धा अगदी घरासारखंच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक टेंपोचालक रात्री चोरीचं तांबं घेऊन निघालाय. वाटेत त्याला एक खून होताना दिसतो. पुढे खुनाच्या खटल्यात त्याला साक्षीला बोलावलं जातं. आरोपीचा वकील उलटतपासणीत विचारतो, "रात्री अडीच वाजता तुम्ही तिथे काय करत होता? टेंपोत काय होतं?" प्रश्न गैरलागू नाही. चालक खरंच तिथे होता का, हे त्यातूनच ठरणार. चालकाला उत्तर द्यावं लागेल: "चोरीचं तांबं होतं." या कबुलीच्या आधारे पोलीस त्याला कोर्टाच्या दारात पकडू शकत नाहीत आणि चोरीच्या खटल्यात ही कबुली वाचून दाखवू शकत नाहीत.

मग तो चोरीतून सुटला का?

नाही. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. अभय त्या *उत्तराला* आहे, त्या *गुन्ह्याला* नाही. तांब्याच्या मालकाने आधीच फिर्याद दिली असेल, गोदामाच्या कॅमेऱ्यात टेंपोचा नंबर आला असेल, माल घेणाऱ्या भंगारवाल्याने जबाब दिला असेल, तर चोरीचा खटला आपल्या पायांवर उभा राहू शकतो. आईने मारणार नाही म्हटलं म्हणून शेजाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं: हे परंतुक म्हणजे सरसकट कवच नव्हे. साक्षीदाराच्या स्वतःच्या बोलण्याशिवाय इतर ठोस पुरावा असेल, तर त्याला आरोपी म्हणून उभं करता येतं. केवळ त्याच्याच उत्तरावरून मात्र नाही.

दुसरी मर्यादा कमी लोकांच्या लक्षात येते. परंतुकात शब्द आहेत 'फौजदारी कार्यवाही'. त्यामुळे उद्या तांब्याच्या मालकाने नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला, तर हे कलम चालकाच्या मदतीला येईलच असं धरून चालता येत नाही. नोकरीवरच्या खातेनिहाय चौकशीचंही तेच. याउलट चौकशी आयोगांच्या १९५२ च्या कायद्यातलं कलम ६ जास्त उदार आहे. आयोगापुढे दिलेलं निवेदन दिवाणी आणि फौजदारी, दोन्हीकडे त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला वगळून. याचं कारण उघड आहे. आयोगाचं काम शिक्षा देणं नाही, काय घडलं ते शोधणं आहे. तिथे लोकांनी तोंड उघडलं नाही तर आयोग नेमण्यातच अर्थ नाही.

अभय मागावं लागतं की आपोआप मिळतं?

या एका प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी शंभराहून जास्त वर्षं खल केला. कलमात शब्द आहे 'सक्ती'. साक्षीदाराने आधी हरकत घेतली, न्यायाधीशाने ती फेटाळून "उत्तर द्या" म्हटलं, तरच सक्ती झाली. नाहीतर तो आपणहून बोलला. हे झालं एक मत, आणि १८८१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या बहुमताचा कल तिकडेच होता.

मला हे मत कधीच पटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात आलेला, घाम पुसत उभा असलेला माणूस "महोदय, कलम १३२ खाली माझी हरकत" असं कुठून म्हणणार? ज्याला वकील परवडतो त्याला संरक्षण आणि ज्याला नाही त्याला तुरुंग, असा त्याचा अर्थ झाला असता. २०१५ मध्ये आर. दिनेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू घेतली. कायदाच साक्षीदाराला उत्तर द्यायला लावतो, म्हणजे सक्ती त्या कायद्यातच आहे. वेगळी हरकत घेतली नाही म्हणून संरक्षण जात नाही.

याच कलमाचा वापर कसा होतो, याचा जुना नमुना १९६८ चा लक्ष्मीपत चोरडिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सोन्याच्या तस्करीचा खटला आहे. टोळीत सामील असलेल्या हाँगकाँगच्या एका महिलेला आरोपी न करताच सरकारी पक्षाने साक्षीला उभं केलं. आरोपी म्हणाले, ती तर आमच्यातलीच, तिला माफी दिलेली नाही, मग तिची साक्ष कशी चालेल? न्यायालयाने सांगितलं, ती या खटल्यात आरोपी नाही, त्यामुळे साक्ष देऊ शकते, आणि तिच्या उत्तरांपुरतं संरक्षण तिला कलम १३२ देतंच.

आता माफीचा साक्षीदार

टेंपोचालकाला मिळालं ते किरकोळीतलं अभय होतं, एकेका उत्तरापुरतं. माफीच्या साक्षीदाराला मिळतं ते ठोक. तो गुन्ह्यातला भागीदार असतो, आणि अट पाळली तर त्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटलाच चालत नाही.

तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ते ३०८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ ते ३४५ मध्ये आहे. प्रत्येक गुन्ह्याला ती लागू नाही. सत्र न्यायालयातच चालणारे किंवा सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचे गंभीर गुन्हे असावे लागतात. देऊ करणारा न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय असतं, आणि माफी का देतो याची कारणं त्याला लेखी नोंदवावी लागतात. इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. "तू सगळं सांग, तुला साक्षीदार करून सोडवतो," हे पोलीस अधिकाऱ्याचं आश्वासन कायद्याच्या दृष्टीने हवेतलं आहे. तो शिफारस करू शकेल, माफी त्याच्या हातात नाही.

अट एकच असते, पण भारी असते: त्या गुन्ह्याबद्दल, आणि त्यात असलेल्या प्रत्येकाबद्दल, तुला माहीत आहे ते सगळं आणि खरं सांगायचं. 'सगळं' यात स्वतःचा वाटाही आला. मित्राने सुरा धरला, मी नुसता बाजूला उभा होतो, अशी स्वतःला धुऊन काढणारी गोष्ट सांगणाऱ्याचं बोलणं न्यायाधीश फार संशयाने ऐकतात. स्वतःच्या गळ्यात दोर अडकवत जो बोलतो, त्याच्या शब्दाला वजन येतं.

शिवाय माफी मिळाली म्हणजे लगेच सुटका झाली असंही नाही. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचं, असं कायदा म्हणतो. १९९४ मध्ये सुरेशचंद्र बाहरी प्रकरणात न्यायालयाने यामागचं कारण दिलं: ही शिक्षा नाही, ज्या साथीदारांविरुद्ध तो बोलणार त्यांच्या संतापापासून त्याला वाचवायचं आहे. कारण समजतं, पण परिणाम कधीकधी विचित्र होतो. माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या सीबीआयच्या खटल्यात बडतर्फ पोलीस अधिकारी सचिन वाझे २०२२ मध्ये माफीचे साक्षीदार झाले. बाकीचे आरोपी जामिनावर बाहेर आणि माफी मिळालेला आत, असं चित्र उभं राहिलं. शेवटी या खटल्यात त्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला, पण दुसऱ्या खटल्यामुळे तुरुंगातून सुटका झाली नाही.

चोराच्या साक्षीवर दुसऱ्या चोराला शिक्षा?

आक्षेप रास्त आहे. स्वतःची कातडी वाचवायला माणूस काहीही बोलेल. कायद्यालाही हे ठाऊक आहे, पण जुन्या कायद्याने ते गमतीशीर पद्धतीने सांगितलं होतं. एक कलम म्हणायचं, साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा नाही. दुसऱ्या कलमाखालचं उदाहरण म्हणायचं, दुजोऱ्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय धरून चालू शकतं. दीडशे वर्षं विद्यार्थी ही दोन कलमं शेजारी ठेवून डोकं खाजवत आले. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ ने पहिल्यातलं 'दुजोरा नसलेल्या' काढून 'दुजोरा असलेल्या' घातलं आणि भांडण मिटवलं. न्यायालयं तसं आधीपासूनच वागत होती. १९५७ च्या सरवनसिंग प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दुहेरी कसोटी घालून दिली: माफीचा साक्षीदार मुळात भरवशाचा आहे का, हे आधी पाहा, त्या परीक्षेत तो उतरला तरच मग त्याच्या म्हणण्याला स्वतंत्र दुजोरा आहे का, ते तपासा. पहिल्या परीक्षेत नापास झालेल्याला दुसऱ्या परीक्षेला बसवायचंच नाही.

दुजोरा प्रत्येक आरोपीपुरता वेगळा लागतो, हे महाराष्ट्राला सगळ्यात जवळच्या उदाहरणातून दिसतं. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्यात शस्त्रांचा व्यवहार करणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे हा खटला चालला. बडगेच्या साक्षीवर न्यायाधीशांनी इतर आरोपींच्या बाबतीत भर दिला, कारण तिथे तिला बाहेरून आधार मिळत होता. सावरकरांविरुद्ध बडगेने जे सांगितलं, त्याला तसा स्वतंत्र दुजोरा नव्हता, आणि नुसत्या माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावर निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही, असं म्हणून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडलं. माणूस तोच, साक्ष तीच. पण एका आरोपीपुरती ती पुरली, दुसऱ्यापुरती पुरली नाही. या निकालावर आजही हिरिरीने वाद होतात; वाद घालणाऱ्यांनी निदान हा नियम माहीत करून घ्यावा, असं मला वाटतं.

शब्द फिरवला तर?

माफी घेतली आणि पिंजऱ्यात गेल्यावर "मला काही आठवत नाही" म्हटलं, तर? सरकारी वकील तसं प्रमाणपत्र देतो, की याने महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवली किंवा खोटी साक्ष दिली. मग मूळ गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालू शकतो, बाकीच्या आरोपींपासून वेगळा. आणि माफी घेताना त्याने दिलेला जबाब त्याच्याचविरुद्ध वापरता येतो. खोट्या साक्षीचा खटला निराळा, त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मात्र त्यालाही एक बचाव ठेवलेला आहे. "मी अट पाळली होती," असं तो म्हणू शकतो, आणि पाळली नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. नाहीतर सरकारला नावडतं सत्य बोललेल्या प्रत्येकाची माफी काढून घेतली गेली असती.

हेडलीचं गणित

डेव्हिड हेडलीने २६/११ च्या हल्ल्यासाठी मुंबईत हेरगिरी केली. अमेरिकेत त्याने २०१० मध्ये गुन्हा कबूल करून तडजोड केली. तिथल्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. त्याला भारताच्या ताब्यात द्यायचं नाही, ही त्या तडजोडीतली अट. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफी देऊन साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतल्या तुरुंगातून व्हिडिओद्वारे, त्याच हल्ल्यातला आरोपी अबू जुंदाल याच्या खटल्यात साक्ष दिली.

"एवढ्या मोठ्या गुन्हेगाराला माफी?" असा संताप तेव्हाही झाला आणि साथीदार तहव्वुर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं तेव्हा पुन्हा उसळला. रागाला जागा आहेच. पण माफी देऊन भारताने नक्की गमावलं काय? जो हाती लागणारच नव्हता, त्याच्यावर इथे खटला चालवण्याचा कागदावरचा हक्क. मिळालं काय? कटाच्या आतून पाहिलेल्या माणसाची शपथेवरची साक्ष, उलटतपासणीसह. सौदा आवडावा असा नाही, पण तोट्याचाही नाही.

उलट खरी काळजी करण्याजोगा सौदा वेगळाच असतो: मोठ्या माशाने माफी घेऊन लहान माशांना अडकवणं. माफी कुणाला द्यायची याचा काटेकोर नियम कायद्यात नाही. सर्वांत कमी दोषी असलेल्यालाच द्यावी, ही अपेक्षा आहे, सक्ती नाही. गावित प्रकरणात लोकांना खुपतं ते हेच. तपासाच्या बाजूने सांगायचं तर घरातल्या घरात, साक्षीदाराविना घडलेले गुन्हे आतल्या माणसाशिवाय सिद्ध होणं अवघड असतं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातही आरोपींचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता. त्या प्रकरणात चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

अमेरिकेत तर गप्प बसता येतं, मग ते काय करतात?

तिकडे साक्षीदारालाही मौनाचा हक्क आहे, त्यामुळे सरकारला बोलणं काढून घ्यायचं असेल तर आधी किंमत मोजावी लागते. ती किती असावी, यावर त्यांचाही बराच खल झाला. पूर्वी मोठी किंमत होती: ज्या व्यवहाराबद्दल बोललात, त्याबद्दल खटलाच नाही. १९७० च्या कायद्याने ती कमी केली. तुमचं बोलणं, आणि त्या बोलण्याच्या धाग्याने हाती लागलेला पुरावा, दोन्ही वापरणार नाही. पण स्वतंत्रपणे मिळालेला पुरावा वापरू. १९७२ मध्ये कॅस्टिगर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पुरेसं मानलं, मात्र पुरावा खरोखर स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

ती किती जड असते, ते ऑलिव्हर नॉर्थच्या प्रकरणात कळलं. इराणला चोरून शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा घोटाळ्यात या लष्करी अधिकाऱ्याने १९८७ मध्ये अभय घेऊन अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. टीव्हीवर सगळ्या देशाने ती पाहिली. सरकारी वकिलांनी काळजी घेतली होती, आपला पुरावा आधीच गोळा करून सीलबंद ठेवला होता. १९८९ मध्ये त्याला दोषीही ठरवलं. पण अपील न्यायालयाने विचारलं, खटल्यातल्या *साक्षीदारांनी* ती साक्ष टीव्हीवर पाहिली होती ना? त्यांच्या आठवणीत तिचा रंग मिसळला नाही कशावरून? याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही आणि १९९१ मध्ये प्रकरण गुंडाळावं लागलं.

आपल्या कलमात 'ते उत्तर' एवढंच आहे, उत्तरावरून पुढे सापडलेल्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख नाही. टेंपोचालकाच्या उत्तरावरून पोलीस भंगारवाल्यापर्यंत पोचले तर? मला ही आपल्या कलमातली फट वाटते, आणि नवा कायदा करताना ती बुजवायची संधी होती.

लाच द्यावी लागली त्याचं काय?

लाच देणारा स्वतःच गुन्हेगार ठरत असेल तर घेणाऱ्याविरुद्ध तो बोलेल कसा? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी याचं एक उत्तर होतं. लाच दिली असं खटल्यात सांगणाऱ्यावर त्या निवेदनावरून खटला होत नसे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम काढलं. आता सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तरच तो गुन्ह्यातून बाहेर राहतो. आठव्या दिवशी धीर गोळा करून आलेल्या माणसाला हा दरवाजा बंद.

ईडीच्या समन्सबद्दलही नेहमी विचारलं जातं. ईडीचे अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत आणि समन्स आलेला माणूस त्या टप्प्यावर आरोपी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. त्यामुळे तिथे दिलेला जबाब पुढे वापरला जाऊ शकतो. कोर्टातल्या साक्षीदाराचं अभय तिथे गृहीत धरून बोलू नये.

समन्स आलंच तर

साक्षीला बोलावलंय आणि एखाद्या प्रश्नाने आपणच अडचणीत येऊ अशी धास्ती असेल, तर आधी वकिलाला भेटा आणि त्याच्यापासून काही लपवू नका. पिंजऱ्यात तो प्रश्न आला की न्यायाधीशांकडे वळून मराठीत, साध्या शब्दांत सांगा: "या उत्तराने माझ्यावर गुन्हा येऊ शकतो, तरी उत्तर द्यायचं का?" २०१५ च्या निकालानंतर असं विचारलंच पाहिजे असं नाही. पण "द्या" असं न्यायाधीश म्हणाले आणि ते नोंदीत आलं, की पुढे सक्ती होती की नव्हती, हा वादच उरत नाही. प्रश्न खटल्याशी संबंधित नसेल, तर तो तिथेच गळूनही जाईल.